शुक्रवारी नेम चुकतो

आमच्या घरात थोरल्या भावाला लूम कळतात, मधल्याला व्यापारी कळतात, आणि मला यातलं काहीच कळत नाही हे सगळ्यांना कळतं. अम्मी पाहुण्यांना सांगायची, "इद्रीसचं अजून ठरायचंय." साल एकोणनव्वद, मी बावीस वर्षांचा. भिवंडीत बावीस वर्षांत माणसाचं लग्न ठरतं, शिफ्ट ठरते, पाठदुखीसुद्धा ठरते. माझंच तेवढं बाकी होतं.

ते चिंतामणी सरांनी ठरवलं. सर शाळेत गणित शिकवायचे आणि एनसीसी बघायचे. कुणा स्नेह्याकडून त्यांना छर्ऱ्याचं एअर पिस्तूल मिळालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते घरात चालवलं आणि पाण्याच्या माठाला भोक पाडलं. माठ फुटला नाही, नळासारखा वाहायला लागला. सरांच्या पत्नी नीलाकाकूंना दुसऱ्या नळाची हौस नव्हती. सर पिस्तुलासकट आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आले, कारण लूमच्या मागे आमची वेस्ट सुताची खोली होती, बरोबर दहा मीटर लांब. मास्तरला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या अब्बांची पद्धत. रोजचा 'नाही'चा कोटा ते माझ्यावर संपवायचे.

वेस्टच्या गोण्यांवर कागदी निशाण टांगून सरांनी दहा छर्रे मारले. कागद कोराच राहिला. दुसऱ्या मुलाला पेपर देता आला असता इतका कोरा. मग त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. माझा पहिला छर्रा आठावर लागला. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इद्रीस, तुला नववीत मी उगाच नापास केलं."

मग सुरू झालं शास्त्र. निशाण धूसर दिसलं तरी चालेल, पण नळीच्या टोकावरची माशी स्वच्छ दिसली पाहिजे. श्वास अर्धा सोडायचा, अर्धा ठेवायचा. चाप इतका हळू दाबायचा, की छर्रा कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. हे मला लगेच जमलं, कारण आमच्या घरात माझ्याबद्दलचे निर्णय असेच सुटायचे. नळीवर चार आण्याचं नाणं ठेवून रिकामा चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय.

"हात खोटं बोलतो, पाय खोटं बोलत नाहीत," सर म्हणायचे. "पाय जिकडे, छर्रा तिकडे. एकदा उभा राहिलास की मुळीच हलायचं नाही. हललास तर पुन्हा पहिल्यापासून उभा राहा."

सहा महिन्यांत मी चाळीस छर्ऱ्यांत चारशेपैकी तीनशे दहा-पंधरा मारायला लागलो. मानकोलीचा गादीवाला आमचं वेस्ट न्यायचा. तो एकदा तक्रार घेऊन आला की गिऱ्हाइकांना गाद्या टोचतात. अब्बांनी त्याला सांगितलं, "मजबूत सूत आहे, टोचणारच."

फक्त एक भानगड होती. सर रोजचे गुण आलेख कागदावर मांडायचे. सोमवार तीनशे बारा, बुधवार तीनशे अठरा, गुरुवार तीनशे चौदा आणि शुक्रवार दोनशे एकेचाळीस. दर शुक्रवारी आलेख विहिरीत उडी घ्यायचा.

"शुक्रवारी काय वेगळं करतोस?" सरांनी विचारलं.

"आंघोळ जरा नीट करतो. नमाज. मग बिर्याणी."

"बिर्याणी!" सरांना उत्तर मिळालं. गणिताच्या माणसाला उत्तर मिळालं की तो ताळा करत नाही. माझी शुक्रवारची बिर्याणी बंद झाली. अम्मी सरांना उद्देशून दारातल्या मांजरीला पुष्कळ बोलली. तीन शुक्रवार मी वरण-भात खाऊन दोनशे चाळीसच मारले. चौथ्या शुक्रवारी उपाशीपोटी दोनशे पंचवीस.

मग एका मंगळवारी, ऐन सरावात, वीज गेली. सतरावा छर्रा नऊ, अठरावा नऊ, आणि वीज गेल्यावर एकोणिसावा गोणीवरच्या कंपनीच्या शिक्क्यात. खिडकीतून उजेड लख्ख होता. थांबले होते ते फक्त चोवीस लूम.

सरांनी आलेखावरचे शुक्रवार बोटाने मोजले. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, हे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हा दोघांनाच चार आठवडे आठवलं नव्हतं. जन्मल्यापासून मी तो आवाज ऐकत आलो होतो. खट्याक-खट्याक, मिनिटाला दीडशे. दोन ठोक्यांच्या मधे जी टिचभर जागा असते, तिथेच माझा हात स्थिर व्हायचा आणि चाप सुटायचा. लोकांचं मन शांततेत एकाग्र होतं. माझं शांततेत घाबरं होतं.

"ठाण्याच्या स्पर्धेत लूम नसतील," सर म्हणाले.

"ठाण्यात असतातच काय म्हणा," मी म्हणालो. पण चेष्टा परवडणारी नव्हती. कारण त्याच आठवड्यात अब्बांनी माझा निकाल सुनावला होता.

"हे ठो-ठो किती दिवस चालणार?" त्यांनी जेवताना विचारलं होतं. अब्बा, म्हणजे बाजारातले अय्यूबसेठ, चिडले की आवाज चढत नाही, पाय हलायला लागतो. चाळीस वर्षं लूमच्या शेजारी बसलेला माणूस. खुर्चीत असला, जेवत असला, मयतीला बसला असला तरी उजवा पाय चालूच.

"जिल्ह्याची स्पर्धा आहे अब्बा, पुढच्या रविवारी."

"चांगलं. तीनशे आण. आणलेस तर ती खोली तुझी, पिस्तूल तुझं, कुणी काय बोलणार नाही. नाही आणलेस तर मास्तरला त्याचं हत्यार परत, आणि सोमवारपासून बारा तास ड्युटी."

"चालेल."

"आणि मी स्वतः येणार. तू घरी येऊन कायपण आकडा सांगशील."

सख्ख्या बहिणीच्या निकाहाला अब्बा दोन लूम अडकले म्हणून उशिरा पोचले होते. ते आता माझं अपयश बघायला आख्खा रविवार सोडणार होते. इतकं महत्त्व मला घरात पहिल्यांदाच मिळत होतं. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येत नव्हतं. सूत ओढलं की तुटायचं, हिशेब केला की वाढायचा. त्या दहा मीटरांतच तेवढा मी कुणाचा तरी धाकटा नसायचो.

उपाय म्हणून मी लूमचा आवाज टेप केला. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजूंना खट्याक-खट्याक. चुलतभावाचा वॉकमन घेतला. ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पंच रामनाथ नावाचे निवृत्त गृहस्थ होते, शिट्टीसुद्धा इस्त्री करून आणल्यासारखे. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ऐकला.

"हे कुठलं संगीत?"

"आमच्याकडचं."

"कानात कापसाचे बोळे चालतात. संगीत चालत नाही."

कापूस! आमच्या घरात एवढा कापूस, आणि पहिल्यांदाच तो माझ्या उपयोगाचा नव्हता.

माझी जागा सात नंबरची. आठ नंबरला वडप्याचा केसरीनाथ, हायवेला लागून जमीन असलेला, गळ्यात चेन. हात उचलला की चेनही नेम धरायची. मागे लाकडी बाकावर सर आणि अब्बा. शिट्टी झाली. आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की मला माझ्या पापण्या ऐकू आल्या.

पहिल्या दहा छर्ऱ्यांत अठ्ठावन्न.

मी पिस्तूल टेबलावर ठेवलं. मागे वळायची हिंमत नव्हती. सर मनातल्या मनात बिर्याणीकडे परत गेले असणार. तेवढ्यात आलं. टक-टक-टक-टक. बाकाच्या फळीवर चपलेची टाच. मिनिटाला दीडशे, एक इकडे नाही की तिकडे नाही. माझं अपयश बघून अब्बा चिडले होते आणि त्यांचा पाय चालू झाला होता.

मी पिस्तूल उचललं. नऊ. आठ. नऊ.

दुसऱ्या दहांत ब्याऐंशी. माझे गुण सुधारल्यावर अब्बांचा राग उतरेल आणि पाय थांबेल, अशी नवीन भीती सुरू झाली. पण अब्बांना मी यशस्वी होतोय याचाही ताण येत असावा. पाय चालूच. तिसऱ्या दहांत एक्याऐंशी. पंचांनी एकदा बाकाकडे डोळे वटारले. सरांनी मधे पडून सांगितलं, "साहेब, वात आहे त्यांना." आयुष्यात सरांनी केलेली ही एकमेव लबाडी असावी, कारण त्यांचे कान लाल झाले.

एकोणचाळीस छर्रे झाले. दोनशे ब्याण्णव. शेवटच्या छर्ऱ्याला आठ हवे होते. मी हात उचलला, श्वास अर्धा सोडला.

आणि टकटक थांबली.

मी थांबलो. आता येईल, मग येईल. येईना. शेवटी मी हात खाली घेतला आणि मान वळवून मागे पाहिलं. अब्बा बाकाच्या टोकाशी आले होते. दोन्ही मुठी गुडघ्यांवर, तोंड उघडं, श्वास रोखलेला. पाय जमिनीला शिवल्यासारखा. बावीस वर्षांत तो पाय थांबलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

"एक मिनिट उरलं," पंच म्हणाले.

मी पुढे वळलो. माशी स्वच्छ दिसली. शांतता होती, पण का कोण जाणे, मी घाबरलो नाही. चाप कधी सुटला कळलंच नाही. दहा! काळ्याच्या मधोमध, पोस्टाचा शिक्का मारावा तसा.

केसरीनाथच्या कागदावर.

मान वळवताना पाय वळले होते. पाय खोटं बोलत नाहीत.

"शून्य," पंचांनी लिहिलं. "सात नंबर, एकूण दोनशे ब्याण्णव."

"शून्य कसा?" अब्बा बाकावरून उठून थेट टेबलापाशी. "भोक दिसत नाही का? बरोबर मधी आहे!"

"दुसऱ्याच्या कागदावर आहे, साहेब."

"मग काय झालं? आमच्या भिवंडीत सूत माझं असतं, लूम दुसऱ्याचा असतो. तो विणून देतो, मजुरी घेतो. कापड कुणाचं?"

"मला कापडातलं कळत नाही."

"ज्याचं सूत त्याचं कापड! छर्रा माझ्या पोराचा. कागद ह्याचा. दहा कुणाचे?"

"सेठ," केसरीनाथ शांतपणे म्हणाला, "आमच्याकं आंबा ज्याच्या रानात पडंल त्याचा. ह्यो माझ्या रानात पडलाय. मी काय मागाया गेलो न्हाय, पन आलेला परत बी करनार न्हाय."

दर छर्ऱ्याला कागद बदलायचे, पण त्या कागदावर दोन भोकं होती, एक दहाचं, एक चाराचं. कुठलं कुणाचं ते पंचांना खात्रीने सांगता येईना, तेव्हा नियमाप्रमाणे जास्त गुणांचं केसरीनाथला मिळालं. तो तिसरा आला. बक्षिसात स्टीलचा डबा.

"तुझी मजुरी किती, ते सांग," अब्बा त्याला म्हणाले. "आत्ता देतो. दहा सोड."

"अब्बा, चला," मी म्हणालो. "दोनशे ब्याण्णव. सोमवारी येतो ड्युटीवर."

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कापडाचा चांगला ताका डागी म्हणून परत करत होतो. "तू गप. तुला धंद्यातलं काय कळतं?" मग पंचांकडे वळून म्हणाले, "तुमच्या वहीत दोनशे ब्याण्णव लिहा. माझ्या घरात तीनशे दोन आहेत."

परतीच्या एसटीत त्यांनी तीन अनोळखी माणसांना तीनशे दोन सांगितले. सरांनी एकदाही बेरीज दुरुस्त केली नाही.

पुढच्या शुक्रवारी लूम बंद होते. मी बिर्याणी खाऊन वेस्टच्या खोलीत गेलो, तर अब्बा आधीच बॉबिनच्या खोक्यावर बसलेले. उजवा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलेला.

"बिनआवाजाचं शिक," ते म्हणाले. "मी हलत नाही."

आठ छर्रे त्यांनी गुडघा धरून ठेवला. नवव्याला त्यांचा हात सुटला आणि पाय चालू झाला. दहाव्याला मी नऊ मारले, आणि ते माझ्या खात्यात लिहायचे की त्यांच्या पायाच्या, हे सांगायला तिथे पंच नव्हते.