दहाची गोटी

मेरिन ट्रेगियरला हँगरमध्ये सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि विद्यापीठात कोणी काहीच म्हणत नसे, कारण तिथे तिचं नावच कोणाला ठाऊक नव्हतं. कॉर्नवॉलच्या न्यूलिन बंदरातली ही एकोणीस वर्षांची मुलगी वर्षापूर्वी वेल्समध्ये आली ती शिकाऊ इंजिनिअर म्हणून. चार दिवस विमानदुरुस्ती, गुरुवारी विद्यापीठ, पाच वर्षांनी पदवी. गावात सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. काढलं होतंच. फक्त एक गोष्ट अशा मुलांना आधी कोणी सांगत नाही. हँगरवाले तुम्हाला विद्यापीठाचे समजतात आणि विद्यापीठवाले हँगरचे. मधल्यामध्ये त्रिशंकू होतो, आणि त्रिशंकूला निदान वर लटकलेला बघायला लोक तरी जमले असतील.

हँगरमधली माणसं वाईट होती का? मुळीच नाही. अकरा जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले, वीस-वीस वर्षं एकत्र घासलेले. चहाच्या सुट्टीत रग्बीवरून एकमेकांची आईबहीण काढायचे आणि एकाच पुड्यातली बिस्किटं खायचे. टेबलाभोवती खुर्च्या अकराच होत्या. बारावी आणावी हे कोणाला सुचलं नाही, आणि मागावी हे मेरिनला जमलं नाही. ती आपला कप घेऊन विमानाच्या चाकापाशी उभी राही. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत टोस्टवर बीन्स ओतून खाताना कधी तिच्या लक्षात येई, की दिवसभरात आपण फक्त बसड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हटलंय. तेव्हा तिला फार एकटं वाटे. आईचा फोन आला की मात्र ती म्हणे, “मजेत आहे गं.”

एम्लिन प्रिचर्ड त्यांचा मुकादम. अठ्ठावन्न वर्षांचा, मनाने देवमाणूस, तोंडाने फटकळ. मेरिनच्या हातून काही पडलं की तो मान न वळवताच म्हणे, “काय प्रोफेसर, विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं?” मग दहा जण हसत. त्याच्या लेखी तो लाड होता.

या धंद्यात एक नियम देवाच्या वरचा आहे. प्रत्येक हत्याराला खणात त्याच्याच आकाराची खाच असते. चार वाजता काम थांबतं आणि मुकादम सगळ्या खणांवरून नजर फिरवतो. एक खाच रिकामी दिसली तरी हत्यार विमानात राहिलं असं धरतात आणि विमान जागचं हलत नाही. हरवलं म्हणून सांगणाऱ्याला कोणी बोल लावत नाही. लपवणाऱ्याला माफी नाही.

बुधवारी दुपारी दोन वाजता मेरिन पंखाच्या मागच्या बाजूला, फ्लॅपच्या, म्हणजे खालीवर होणाऱ्या झडपेच्या, पोटात हात घालून नट आवळत होती. पाना बाहेर काढला तर त्याच्या टोकाची दहाची गोटी, म्हणजे नटावर बसणारं दहा मिलिमीटरचं सॉकेट, गायब. तिने बॅटरी घेऊन शोधलं, आरसा घालून शोधलं, गुडघ्यांवर रांगून फरशी शोधली. तीन वाजले. पलीकडे एम्लिन कोणाला तरी चिडवत होता, हशा पिकला होता. मेरिनला तो हशा उद्या आपल्यावर पिकलेला ऐकू आला.

तिच्या लॉकरमध्ये एक पेटी होती. न्यूलिनला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बापाने निघताना दिलेली, हँगरमध्ये वापरायला सक्त मनाई असलेली. तिने त्यातली दहाची गोटी काढली आणि खाचेत बसवली. हँगरच्या गोटीवर खणाचा नंबर कोरलेला असतो. हिच्यावर नव्हता, म्हणून तिने ती बाजू खाली केली. चार वाजता एम्लिनची नजर त्या खणावरून सरकून पुढे गेली. विमान गुरुवारी संध्याकाळी सहाला प्रवासी घेऊन स्पेनमधल्या मालागाला जायचं होतं.

गुरुवारी विद्यापीठात गटाचं काम वाटत होते. टाचण घेणारा मुलगा म्हणाला, “तू गुरुवारचीच ना? तुझं नाव शेवटी घालतो. काय नाव तुझं?”

मेरिनने नाव सांगितलं. मग घड्याळ पाहिलं. साडेअकरा. एकशे ऐंशी माणसं आत्ता बॅगा भरत असतील. ती उठली आणि निघाली. बसमध्ये पाऊण तास ती दाराशीच उभी राहिली.

एम्लिन टेबलाशी सँडविच खात होता. ती अकराही जणांसमोर उभी राहिली.

“दहाची गोटी विमानात आहे. खाचेतली माझी आहे. काल मी लपवलं.”

कोणी हसलं नाही. एम्लिनने सँडविच खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाला, “कुठला पंख?”

मग अकरा माणसं कामाला लागली. पत्रे उघडले, कॅमेरे आत घातले. मेरिनला कोणी हात लावू दिला नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी एकाने वरून मूठ उंचावली. गोटी फ्लॅपच्या दांड्याजवळ, एक धक्का बसला की सांध्यात अडकेल अशी पडली होती. विमान रात्री नऊला सुटणार असं ठरलं.

हँगरच्या वरच्या साहेबांनी मेरिनचा आत यायचा पास काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी. पास नसलेल्याला फाटकापर्यंत कोणीतरी सोडायचं असतं. ते काम पहारेकऱ्याचं, पण एम्लिन म्हणाला, “मी जातो.”

“खोटं बोलत नाही, ठेवणार नाहीत तुला,” चालता चालता तो म्हणाला. “आज आलीस म्हणून माणसं वाचली, हे मी लिहून देईन. पण ठेवणार नाहीत.”

“माहीत आहे.”

फाटकाशी तो थांबला. “पोरी, एक सांग. मी दहा पावलांवर होतो. नुसती हाक मारायचीस. का नाही मारलीस?”

मेरिनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“वर्षभरात मी इथे कोणालाच हाक मारलेली नाही, एम्लिन. सुचलंच नाही.”

खिशातलं फडकं काढून एम्लिन उगाच बोटं पुसत राहिला. वळणावर बस दिसली, तेव्हा घाईघाईने म्हणाला, “घरी... घरी कोण कोण असतं गं तुझ्या?”

बस येऊन थांबली होती.