रुसव्याची सायकल

आधीच सांगून टाकते, सायकल मी हौसेने धरली नाही, रागाने धरली.

आमच्या घरात दोन जावा आणि स्कूटर एक. मोठी जाऊ पाळणाघरात काम करते, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांनाही दटावून गप्प बसवायची तिला सवय. मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासते. सकाळी ती स्कूटर चालवायची, मी मागे बसायचे. सुट्टीच्या दिवशी बाजाराला मी न्यायचे. ऐन पावसाळ्यात एकदा पुढचं मडगार्ड चेपलेलं दिसलं. ते मी केलं नव्हतं. पण घरात पाहुणे बसलेले असताना ती म्हणाली, "हिच्या हातात काहीही द्या, मोडूनच परत येतं." पाहुणे हसले. माझा नवराही हसला. त्याला नंतर वेगळं बघून घेतलं.

"पुन्हा तुमच्या स्कूटरला बोट लावलं तर नाव बदलेन," मी म्हणाले आणि जिन्याखालची नवऱ्याची जुनी सायकल बाहेर ओढली.

तिचं तोंड दिसायला नको म्हणून मी तिच्याआधी निघायचे आणि तिच्यानंतर परतायचे. मागच्या चाकाचा चिखल पाठभर उडायचा. दात-ओठ खात पेडल मारायचे. तिला काय काय सुनवायचं याची वाटभर उजळणी चालायची. पुलाचा चढ संपेपर्यंत एकाहून एक झणझणीत वाक्यं जमायची, आणि मग उतार लागायचा. कानात वारा भरायचा आणि सगळी वाक्यं पार विसरून जायची. खाली आल्यावर पुन्हा पहिल्यापासून चिडावं लागायचं. नुसता वैताग!

थंडीत हँडल धरवत नव्हतं. पण वळणावर पाठीवर ऊन आलं की मला गाणं सुचायचं, आणि मी ते चक्क मोठ्याने म्हणायचे. पानगळीत तर कहरच झाला. चांगला रस्ता सोडून मी मुद्दाम कडेच्या वाळक्या पानांतून सायकल न्यायला लागले, का, तर चुरचुर आवाज यावा म्हणून. एवढी मोठी घोडी झाले तरी!

तेव्हाच लक्षात आलं की राग उरलेलाच नाही. मी घाबरले. समेट झाला तर पुन्हा रोज तिच्या पाठीकडे बघत मागे बसावं लागणार. सायकल सुटणार. मग काय, फाटकाशी उतरायचं, हसू पुसायचं, तोंड फुगवायचं आणि मगच आत जायचं, हे सुरू केलं.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी फाटकाजवळ चेन पुसत बसले होते. मोठी जाऊ आली आणि तिने स्कूटरची किल्ली पुढे केली.

"घे. उन्हातान्हात तुला असं जाताना बघवत नाही. मडगार्ड ह्यांनीच खांबावर आपटलं होतं. मला थंडीतच कळलं."

"थंडीत?" माझं डोकंच फिरलं. "आणि आत्ता सांगताय? पाहुण्यांसमोर माझी अब्रू काढताना नाही एवढा वेळ लागला तुम्हाला!"

"अगं, तुझं तोंड बघितलं की शब्द फुटायचा नाही. चुकलं माझं."

ती आणि 'चुकलं'! मला उकळ्या फुटल्या. तिथेच थांबायला हवं होतं.

"किल्ली राहू द्या तुमच्याकडे. मला सायकलच हवी."

"म्हणजे राग गेला नाही अजून?"

"राग कधीच गेला, वहिनी. पानं गळत होती तेव्हाच. मला सायकल आवडते. मजा येते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग रोज तोंड फुगवून यायचीस, ते?"

मी पुसलेलीच चेन पुन्हा पुसायला लागले.

"खरं कळलं त्या दिवसापासून मी स्कूटर काढलीच नाही," ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने बसू तिच्यावर? बसने जाते, उभ्याने. गुडघा ठणकायला लागला की मनाला सांगायचे, सोस, ती पोरगीपण सोसतेच आहे ना."

एरवी घरादाराला दटावणारी बाई, पण ओरडली नाही. किल्ली कॅरिअरवर ठेवून आत गेली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो काढायला तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.