पाण्याखालची पांदण

उर्वशीने बापाच्या डोंग्यावर पडद्याचा प्लॉटर बसवला तेव्हा धरणावरचे सगळे भोई तो बघायला जमले. सगळ्यांना तो आवडला. एका गोविंदाला सोडून. काचबिंदूने गोविंदाची नजर कडेकडेने खात आणली होती. समोरचं थोडंसं उरलं होतं, तेही धुरातून पाहिल्यासारखं. ज्या टेकड्या आणि जे कळस एका रेषेत धरून त्याने जन्मभर जाळी टाकली, ते आता त्याला दिसत नव्हते. आणि ज्याला टेकडी दिसत नाही त्याला टीव्ही दाखवायला आणला, म्हणून तो पोरीवर दोन दिवस फुगून बसला होता.

पोरगी बापाचीच. ती नागपूरला धरणांतला गाळ मोजणाऱ्या कंपनीत होती, आणि कंपनीने टाकून दिलेला, कोपऱ्याला तडा गेलेला हा प्लॉटर तिने मागून आणला होता. डोंग्याच्या बुडाशी बांधलेलं लहानसं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते, आणि डोंगा जिथून जाईल तिथला तळ पडद्यावर रंगाने उमटत जातो. उथळ तो पिवळा, खोल तो निळा. बाबा वल्हं मारतील, माय पडदा पाहील, असं तिने ठरवून टाकलं, बटणं शिकवली आणि ती नागपूरची गाडी धरून निघून गेली.

उर्वशीची माय कांताबाई सातवी शिकलेली, आणि कोणतीही गोष्ट बिघडवायला न भिणारी. आठवड्यात तिचा हात बसला. खोलीचा आकडा फुटांत यायचा. ती त्याचे परस करून सांगायची, कारण फूट हे कापड मोजायला असतात असं गोविंदाचं म्हणणं. पुरुषभर उंचीचा एक परस, यात मात्र त्याला काही खोटं वाटत नसे. अशी दोघं सकाळी निघत, तो वल्हवत आणि ती सांगत, आणि जाळ्यात मासळीही येऊ लागली.

पण कांताबाईचं मन मासळीत नव्हतं. उर्वशीच्या कितीतरी आधी तिला एक मुलगी झाली होती. बारसं व्हायच्या आधीच ती गेली. एवढ्या तान्ह्या जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि ते काम पुरुषांचं. ओली बाळंतीण खाटेवर राहिली. गोविंदा आणि त्याचा बाप फडक्यात गुंडाळलेलं ते लेकरू घेऊन गेले आणि पाय धुऊन घरात आले. कुठे, हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे धरण भरलं आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं. सासरे वारले. आता ती जागा एकट्या गोविंदाच्या डोक्यात होती, आणि गोविंदा साठी ओलांडून गेला होता. तो गेला की जागाही गेली. हा घोर तिला दिवसरात्र लागलेला असायचा. तिला एकदा तिथे जायचं होतं, बस.

माघ लागला. डोंगा जुन्या गावावरून इतक्यांदा गेला होता की पडद्यावरचे रंग जुळून आले होते. एका सकाळी कांताबाई पाहते तो निळ्या पट्ट्याला एक बाक आलेला, आणि बाकाच्या आतल्या अंगाला पिवळा फुगवटा. तिने तो ओळखला. लग्न होऊन आली तेव्हापासून नदीच्या त्याच बाकावर तिने धुणं धुतलं होतं, आणि फुगवटा म्हणजे गावाची गढी.

"वल्हं थांबवा," ती म्हणाली. "आपण पाणवठ्यावर आलो."

गोविंदाने मान वळवली. कोणत्या पाणवठ्यावर, असं त्याने विचारलं नाही. मग तिने जन्मभर न विचारलेलं विचारलं. "तिले कुठं ठेवलं तुम्ही?"

त्याने चेहऱ्यावरून ओला हात फिरवला. टेकडी आणि कळस जुळवून मी तिथे जात होतो, आता जुळत नाहीत, असं तो म्हणाला. कांताबाई म्हणाली, डोंग्याचं राहू द्या, तेव्हा चालत गेलात ना, तसं सांगा.

मग तो डोळे मिटून चालू लागला. पाणवठ्यावरून वर, गढी डाव्या हाताला. कांताबाई पिवळा रंग डावीकडे ठेवून त्याला दिशा सांगायची, तो वल्हं मारायचा. पुढे दगडी बांध, मग पांदण, शेतांमधली खोलगट वाट, दोन्ही अंगांनी उंच. पडद्यावर दोन पिवळ्या रेघांमध्ये निळी चीर उमटली. पांदणीत चिखल होता, तो सांगत होता, बाबाचा पाय घसरला म्हणून लेकरू मी घेतलं. वजनच नव्हतं तिला. पांदण संपली की चढ, आणि चढावर आंब्याखाली.

"दोन परस," कांताबाई म्हणाली. "आता दीड."

"अठीच," गोविंदा म्हणाला, आणि त्याने वल्हं आत घेतलं.

पाणी सगळीकडे सारखंच होतं. कांताबाईने हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली की दर अखजीला, पितरांच्या सणाला, आपण एकटीने धरणाच्या भिंतीकडच्या काठावर फुलं सोडली, जुनं मसणवट तिकडे होतं म्हणून.

"मले माहीत होतं," गोविंदा म्हणाला. "तुले सांगतलं असतं तं तू रोज पाण्यात उतरली असती. म्हणून त्या दिवशी मी अठी येऊन थांबत होतो. दोघांतलं एक तरी तिच्यापाशी पाह्यजे."

कांताबाई रडली, आणि रडता रडता इतकी वर्षं तोंड शिवून बसल्याबद्दल तिने त्याला चार शब्द ऐकवलेही. मग तिने जागेची खूण करायचं बटण दाबलं. यंत्राने नाव विचारलं. नाव नाही टाकलं तर ते आपणहून आकडा टाकतं. लेकराला आकडा द्यायचा, हे काही तिच्या हातून होईना. पण नाव ठेवणं आईबापाचं काम नव्हे, ते आत्याचं.

आत्या म्हणजे गोविंदाची थोरली बहीण मैनाबाई, ढाणकीला असते. कांताबाईने तिला फोन लावला, कुठे आहोत ते सांगितलं, आणि विचारलं की तेव्हा तुम्ही काही नाव धरलं होतं का मनात.

मैनाबाईला आठवावं लागलं नाही. "सुभद्रा," ती म्हणाली. "मले कोणी विचारलंच नाही."

कांताबाईने एकेक अक्षर शोधून ते टाकायला घेतलं, तेवढ्यात फोनमधून म्हातारी पुन्हा बोलली.

"थांब कांते. कानात सांगतल्याबगर नाव लागत नाही. फोन पाण्यापाशी धर."

गोविंदाने चाचपडत तिचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून फोन खाली नेला, पाण्याला लागेल न लागेलसा. मैनाबाईने घसा साफ केला, पाळण्याशी करतात तसं "कुर्र" केलं, आणि मग हळूच, कुणाला जाग येऊ नये अशा आवाजात, नाव सांगितलं.