पेला नसलेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. सध्याचा मुक्काम अमेरिकेतलं सांता क्लारा, उपासनाच्या हॉलमधली खिडकी. अंगाने पितळेचा, पोट मोठं, मान आखूड, आणि झाकण फिरवून असं घट्ट बसतं की प्रवासात थेंब सांडू नये.

जन्म भंडाऱ्याचा. मुलगा भानुदास अमेरिकेला निघाला म्हणून जाईबाईंनी मला दुकानातून उचललं. विमानात पाणी मिळतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. दुकानदाराने माझ्या जोडीचा पेला पुढे केला, तो त्यांनी परत सरकवला. म्हणाल्या, "पेला नको. आमच्या घरात तोंड लावून पितात." मला ते जरा उद्धट वाटलं. चारचौघांत तांब्याला तोंड लावत नाहीत, वरून धार धरून पितात, एवढं मी दुकानात बसून शिकलो होतो.

भानुदास चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला. बाकीची मंडळी सुट्टीत नायगारा करत, हा नकाशा पसरून नेवाडाच्या वाळवंटात झरे शोधत बसे. बायकोने दोन फेऱ्यांतच हात टेकले. पुढे जन्मभर तेच चाललं. मिठाची कोरडी तळी, काटेरी झुडपं, बंद पडलेल्या खाणींचे रस्ते. जीप बदलत गेल्या, मी तोच राहिलो. झरा म्हणजे बहुतेक वेळा खडकाखालची ओल आणि घोंगावणाऱ्या मधमाश्या. पण सापडला की स्वारी खूश. पाणी गाळायचं, उकळायचं, निवलं की माझ्यात भरायचं आणि तोंड लावून प्यायचं. एवढ्यासाठी एवढा आटापिटा का, हे मला कळत नसे. अर्थात तांब्याला कोण विचारतो!

सोबतीला असायचा संजय, त्याच कंपनीतला, पुण्याचा. माणूस मायाळू, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. तो पाणी वरूनच प्यायचा. मान मागे, धार थेट घशात, ओठांचा स्पर्श नाही. लहानपणापासूनचं वळण. तो पिऊ लागला की भानुदास डोंगराकडे बघायचा.

एकदा असाच एक झरा शोधताना जीप वाळूत रुतली. उतरून बघतात तर मागच्या कॅनचं झाकण धक्क्यांनी सैल होऊन पाणी गळून गेलेलं. उरलो मी. भर दुपार, वारा सुटलेला. संजयने मला उचलून सवयीने मान मागे टाकली आणि वाऱ्याने धार उडवली. निम्मं पाणी शर्टावर आणि वाळूत गेलं.

"तोंड लावून पी ना बे," भानुदास म्हणाला.

"सॉरी यार. तुला उष्टं नको म्हणून."

भानुदासने वाळूतला ओला डाग पायाने बुजवला. मग म्हणाला, "माझ्या बापाला गावातल्या विहिरीला हात लावू देत नव्हते. तो खाली ओंजळ धरून बसायचा, ते वरून ओतायचे. अशी धार पाहिली की मला तो दिसतो."

तेव्हा कुठे मला तो परत सरकवलेला पेला समजला. संजयने मला उचललं आणि काठाला ओठ लावले. सवय नसल्याने काठ दातांवर आपटला. संध्याकाळी एका गुराख्याच्या ट्रकने जीप ओढून काढली. झरा राहून गेला. परतताना दोघं ऑफिसच्या गप्पा मारत होते.

वर्षं गेली. भानुदासचे हात थरथरू लागले, तसं उपासनाने बापाकडून गाडीची किल्ली काढून घेतली. "बाबा, डेझर्ट आता बंद. काही झालं तर मी काय करू?" तिचंही चुकत नव्हतं. भानुदास भांडला नाही, फक्त नकाशा उघडेनासा झाला. ते बघून ती जास्तच घाबरली. शेवटी संजय म्हणाला, "तो राहिलेला झरा एकदा बघू दे त्याला. मी ड्राइव्ह करतो. तूही चल."

झरा होता. खडकाखाली, हातभर. भानुदासला घडीच्या खुर्चीत बसवलं. पाणी गाळून, उकळून, निववून माझ्यात भरलं. त्याने मला हातात घेतलं आणि मी निसटलो, खडकावर आपटलो. काठाला पोचा आला तो तेव्हाचा. उपासना कप शोधायला गाडीकडे धावली. तेवढ्यात भानुदासने मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली.

"ओत वरून," तो म्हणाला.

"नाही ओतणार," संजय म्हणाला.

मला पुन्हा भरून तो गुडघे टेकून त्याच्यासमोर बसला. आधी स्वतः एक घोट घेतला, तोंड लावून. मग तोच काठ भानुदासच्या ओठांना लावला. ओंजळ काही वेळ तशीच राहिली. मग ते थरथरते हात वर आले आणि मला दोन्हीकडून धरून राहिले. इतकी वर्षं मी कोरडेपणाने सगळं बघत आलो, पण त्या घोटाला मला भरून आलं, हे कबूल करतो.

त्या हिवाळ्यात भानुदास गेला. आता उपासनाची मुलगी आन्या माझ्यात फुलं ठेवते. "सो क्यूट," म्हणते. तिचा राग नाही. पण कुणी ऐकत असेल तर एवढं करा. फुलं काढा, पाणी भरा. पोचा काढू नका. आणि घरी कुणी तहानलेलं आलं, तर माझ्याशेजारी पेला ठेवू नका.