बटणावरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, आणि भिंतीवरच्या पंख्याचंही नव्हे. घरबसल्या शिकवणीची जागा ठरवून देणारी नागपूरची एक साईट आहे, तिच्या पानावर अगदी तळाशी मी राहतो. तबला, इंग्रजी, पोहणं, ब्लाऊजची कटिंग, काय शिकायचं ते निवडायचं आणि शेवटी मला दाबायचं. मला दाबल्याशिवाय आमच्याकडे कोणाला काहीही शिकता येत नाही. याला कोणी गर्व म्हणेल, तर खुशाल म्हणू दे.

सात वर्षांपूर्वी सीताबर्डीत, कपड्याच्या दुकानावरच्या एका खोलीत केयूरने मला बनवलं. ही साईटही त्याचीच. अंगाचा रंग निळा, कोपरे गोल, आणि छातीवर दोन शब्द, 'नोंदणी करा'. माझ्यावर पडलेलं पहिलं बोट कौशल्याबाईंचं. त्या उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. घरचे माग बंद पडल्यावर त्या नागपुरात येऊन शिवणकाम करू लागल्या, आणि पुढे बायकांना ब्लाऊज कापायला, शिवायला शिकवू लागल्या. आपला वर्ग पानावर नीट दिसतो का, हे पाहायला त्यांनी मला दाबलं होतं. घट्टे पडलेलं ते बोट मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचा वर्ग दुपारी दोनचा. डबे गेलेले, भांडी आटोपलेली, पोरं शाळेत. बायकांची हक्काची वेळ तेवढीच. कौशल्याबाईंकडे सहा मशीन, म्हणून सहा जागा. उद्याच्या धड्याची नोंदणी आज सकाळी दहाला उघडायची आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायची, पण बाईंच्या जागा बाराच्या आतच संपायच्या. त्या सगळ्यांना सांगत, बटण मोठं गुणाचं आहे. मी फुगून जायचो.

मग आमच्याकडे ओटीपी आला. खोटी नावं टाकून जागा अडवणारे काही महाभाग निघाले होते. म्हणून केयूरने ठरवलं, मला दाबलं की मोबाईलवर सहा आकडे येतील आणि ते दोन मिनिटांत भरले तरच जागा मिळेल. ज्यांचा फोन दिवसभर खिशात, त्यांचं काहीच अडलं नाही. तबला भरत होता, इंग्रजी भरत होतं. दोनचा वर्ग मात्र ओस पडला. लोक बटण दाबतात आणि पळून जातात, म्हणून सगळे माझ्यावर उलटले. मला नारिंगी केलं, मोठं केलं, पानाच्या वर नेलं, पुन्हा खाली आणलं. छातीवरचे शब्द चारदा पुसले. एकदा तर नुसतं 'चला' असं लिहिलं. कुठे चला, ते मलाही ठाऊक नव्हतं!

खरं कारण मला माहीत होतं. ज्या फोनवर मी उघडतो, तिथलं मला ऐकू येतं. घाबरू नका, मी कोणाची चुगली करत नाही. पण सांगावं म्हटलं तरी मला तोंड कुठे होतं?

तीन महिने एकही जागा भरली नाही की तो वर्ग साईटवरून काढायचा, असा आमच्याकडे नियम होता. कौशल्याबाईंचा तिसरा महिना संपत आला होता. त्याच दिवसांत पानाची सगळी मांडणी नव्याने करायला दामिनी आमच्याकडे कामाला लागली. ती मौद्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आल्या आल्या तिने एक गोष्ट हेरली. एकाच फोनवरून कोणीतरी दोनच्या वर्गासाठी मला चाळीस वेळा दाबलं होतं. कार्यालयातल्यांनी सांगितलं, असेल कोणाचं तरी पोर खेळत. दामिनी म्हणाली, पोर रोज बाराच्या ठोक्याला एकच बटण दाबून खेळत नसतं. आणि ती उठून थेट कौशल्याबाईंच्या घरी गेली.

दर वेळी भरलेला मोबाईल नंबर बाईंनी ओळखला. मागच्या गल्लीत राहणारी हर्षा, त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिला बोलावून घेतलं. दामिनीने तिला काही शिकवलं नाही की समजावलं नाही. रोज करता तसंच करा, मी नुसती बाजूला बसते, एवढंच म्हणाली.

हर्षाने काच तडकलेला जुना फोन काढला. त्यात सिम नव्हतं, शेजारच्यांच्या वायफायवर तो चालायचा. तिने मला दाबलं. सहा आकडे निघाले आणि पोहोचले कळमेश्वरला! तिचा नवरा हेमराज तिथल्या कारखान्यात कामाला. घरचा नंबर त्याच्या फोनमध्ये, आणि कारखान्यात सगळ्यांचे फोन सकाळीच गेटवर जमा होतात. ते परत मिळतात सहाला, म्हणजे आमची नोंदणी बंद होते तेव्हा. दोन मिनिटं झाली. पान आपोआप मिटलं. हर्षाने गुपचूप फोन खाली ठेवला.

"मग ताई, रोज काहून दाबता?" दामिनीने विचारलं.

हर्षा ओशाळून हसली. "मले वाटते, एखाद्या दिवशी ऐकेल ते."

मित्रांनो, मला अक्षरशः रडू आलं. सगळ्या गावाने मला नावं ठेवली होती, आणि ही बाई मात्र एक्केचाळीस वेळा माझ्यावर भरवसा टाकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात वाद झाला. केयूर म्हणाला, आकड्यांची अट सैल केली तर ते महाभाग पुन्हा येतील. दामिनीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग बोलली.

"कॉलेजले येताना मी मौद्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकायची. चढायले उशीर झाला तरी माझी जागा कोणी घेत नव्हतं. रुमाल दिसला म्हणजे माणूस येऊन राहिलं, वाटेतच आहे, हे साऱ्या गाडीले समजते. आपल्या बटणाले काहून समजू नये?"

केयूर हसला. एसटीने तोही फिरला होता. त्या दोघांनी मला पुन्हा घडवलं. आता मला दाबलं की जागा रात्री नऊपर्यंत धरून ठेवायची. फोन हाती येईल तेव्हा त्यावर आलेल्या निरोपाला 'हो' म्हणायचं. नऊ वाजले की रुमाल काढायचा आणि जागा मोकळी करायची. एका नंबराला रुमालही एकच. माझ्या छातीवर चौकड्यांचा छोटा रुमाल काढला आणि खाली लिहिलं, 'रुमाल टाका'. हे फार गावठी दिसतं, असं कोणीतरी कुरकुरलंही. मला तर तो रुमाल शेल्यासारखा वाटला.

महिन्याचा शेवटचा दिवस. बारा वाजता हर्षाचं बोट माझ्यावर पडलं. बेचाळिसाव्यांदा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणालो, 'तुमची जागा धरली आहे.' तिने ते दोनदा वाचलं.

सहाला हेमराजला फोन मिळाला. पठ्ठ्याने न बघताच खिशात घातला आणि गाडीला किक मारली. सात वाजले. आठ झाले. वाटेत तो भाजी घेत बसला. नऊला रुमाल उठला असता, आणि त्याबरोबर कौशल्याबाईंचा वर्गही. मी जागा घट्ट धरून बसलो होतो. साडेआठला तो दारात आला. चप्पल काढतो न काढतो तोच हर्षाने त्याच्या खिशातून फोन काढला.

"काय झालं वं?"

"माझा रुमाल आहे त्याच्यात," ती म्हणाली आणि तिने 'हो' दाबलं.

वर्ग वाचला. पुढच्या आठवड्यात सहाच्या सहा जागांवर रुमाल पडले. कौशल्याबाईंनी आता दुपारी चारचाही वर्ग काढला आहे. बटण गुणाचं आहे, असं त्या पुन्हा सांगू लागल्या आहेत, आणि मी पुन्हा फुगू लागलो आहे.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या मोठं होऊन अशी पानं घडवेल. तेव्हा मी जुनाट दिसेन. मला खुशाल रंगवा, हलवा, हवं तर काढूनही टाका. फक्त त्याआधी मला रोज दाबणाऱ्या बाईच्या शेजारी एक दुपार बसा. आणि माझ्यावरचा रुमाल उचलू नका. त्या जागेवर कोणीतरी येऊन राहिलं आहे.