शीतगृहातले हिमप्रभू

शीतगृहाच्या दाराशी रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगावर स्वेटर होता. बाहेर ऊन रणरणत होतं. लोकरीच्या टोप्या घातलेली माणसं घामाघूम होऊन आत जायची वाट बघत होती, आणि दर्शन घेऊन आलेली माणसं दात वाजवत, डोळे पुसत बाहेर पडत होती.

"परवापेक्षा वाढलेत," एक बाई बाहेर येऊन शेजारणीला सांगत होती. "हनुवटी स्पष्ट दिसायला लागलीय."

वाढलेत म्हणजे हिमप्रभू. माझ्या साडूच्या शीतगृहात, उणे अठरा अंशांच्या खोलीत, दारासमोरच्या खांबावर बर्फाची मूर्ती म्हणे आपोआप प्रकट झाली होती. डोकं, खांदे, खाली पायघोळ अंगरख्यासारखं काहीतरी. ती पहिल्यांदा दिसली शीतलबाबांना. बाबा आपल्या जडीबुटीचे खोके ठेवायला त्याच खोलीत एक कोपरा भाड्याने घेऊन होते. त्यामुळे प्रभूंना प्रकट व्हायला जागा शोधावी लागली नाही.

मी विमा कंपनीचा सर्वेक्षक. बोटीने जाणारा माल चढवण्याआधी धड आहे की नाही ते तपासायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी आलो होतो मटार बघायला. आसपासच्या बायकांना हाताशी धरून मटार सोलून, गोठवून विकणाऱ्या एक ताई होत्या. त्यांना परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली होती आणि सगळा माल याच खोलीत होता.

खोलीचं दार सताड उघडं होतं. थंडी अडवायला दारात प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा असतो, तोही काढून टाकलेला. "भक्त आणि प्रभू यांच्यात पडदा कशाला," असं बाबा म्हणाले होते.

बाबा मूर्तीशेजारी जाड कोट घालून उभे होते. हातात झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. "यंत्र म्हणतं उणे अठरा," ते घोगऱ्या आवाजात सांगत होते. "उणे म्हणजे काय? जिथे अहंकार वजा होतो, ते उणे. अणूंचं कंपन थांबतं, आत्म्याचं सुरू होतं." आत्म्याचं माहीत नाही, पण समोरच्या म्हाताऱ्यांचं कंपन जोरात सुरू होतं. बाबांनी मूर्तीवर एक फवारा मारला, भक्तांच्या डोक्यांवर एक मारला, आणि पुढची तुकडी आत आली.

माझा साडू अभिमानाने म्हणाला, "प्रभू आल्यापासून मशीनला क्षणाची विश्रांती नाही. वीजबिल दुप्पट झालंय."

"आणि तू हे हसत सांगतोस?"

"साक्षात प्रभू राहतात. त्यांना गारवा नको? नळ्यांवर साचणारा बर्फ वितळवायचा हीटरसुद्धा बंद ठेवलाय. बाबा म्हणाले, चटके बसतील."

एरवी दार जरा उघडं राहिलं तर हमालांवर खेकसणारा हा माणूस. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मटारांकडे गेलो. ताई मागोमाग आल्या आणि चाचरत म्हणाल्या, "साहेब, विमा काढलाच पाहिजे का? मी बाबांचं कवच घेतलंय." त्यांनी एक सीलबंद बाटली दाखवली. प्रभूंचं पाणी. कंटेनरच्या दाराला बांधली की माल बुडत नाही, सडत नाही, चोरीला जात नाही.

"आणि सडला तर?"

"मालकाच्या मनात शंका आली तरच कवच फुटतं, असं बाबा म्हणाले."

आमच्या पॉलिसीत बारीक अक्षरं भरपूर असतात. पण असं कलम आमच्या कंपनीलाही कधी सुचलं नव्हतं.

मी एक पिशवी उचलून हलवली. नीट गोठलेले मटार पिशवीत सुटे खुळखुळतात. हे विटेसारखे घट्ट झाले होते. म्हणजे मध्ये त्यांचा बर्फ वितळला होता आणि ते परत गोठले होते. तापमापकाची सळई खुपसली, तर काटा उणे आठवर थांबला. दाराजवळचे सगळे खोके तसेच निघाले.

"ताई, हा माल मला पास करता येणार नाही."

हातातली बाटली त्यांनी पदराआड घेतली, जणू माझीच नजर तिला लागली होती.

मी तडक सासूबाईंकडे गेलो. त्या धाकट्या मुलीकडे, म्हणजे शीतगृहाच्या वरच्या मजल्यावरच राहतात. सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. आम्ही दोघे साडू त्यांना आई म्हणतो आणि त्यांना जरा वचकूनच असतो. आई शाल गुंडाळून खाली आल्या. प्रभूंकडे त्यांनी पाहिलंच नाही, खोक्यांच्या रांगेवरून हात फिरवत गेल्या.

"आई, प्रभूंकडे बघा ना," साडू कळवळून म्हणाला.

"बघते. आधी तू हे खोके बघ. दाराच्या बाजूला बर्फाची दाढी आणि मागे कोरडे ठणठणीत. या खोक्यांना कुणी हात का जोडत नाही?"

"ते खोके आहेत."

"दमट हवा आत येते, माणसं श्वास सोडतात, ती वाफ गार वस्तूवर बसते आणि गोठते. भक्त जितके जास्त, तितका बर्फ जास्त. आणि थंडावा देणाऱ्या नळ्यांवर हाच बर्फ गोधडीसारखा बसलाय. मशीन धापा टाकतंय आणि माल वितळतोय."

"पण आकार, आई? आकार कुठून आला?"

"ते उद्या दाखवते," आई म्हणाल्या. त्यांनी ताईंना वर बोलावून घेतलं.

दुपारी बाबांची वामकुक्षी असे, तेव्हा दर्शन बंद. ताईंनी तार वाकवून एक सांगाडा केला, आईंनी त्यावर औषधाच्या दुकानातलं पातळ जाळीचं कापड गुंडाळलं. दाराजवळच्या खोक्यांआड तो टांगला आणि दोघी आळीपाळीने त्यावर पाणी फवारत राहिल्या. संध्याकाळच्या भक्तांनी उरलेलं काम आपल्या श्वासांनी, नकळत, पार पाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तुकडी आत शिरली, तेव्हा खोके हलवलेले होते. हिमप्रभूंच्या शेजारी बर्फाची एक किटली लटकत होती. तोटी, कान, झाकण, सगळं जिथल्या तिथे.

बाबा क्षणभर गडबडले. पण मुरलेला माणूस. "लीला आहे," ते म्हणाले. "तहानलेल्यांसाठी प्रभूंनी पात्र धारण केलंय." आणि आमच्या डोळ्यांदेखत दोघातिघांनी किटलीला हात जोडले.

"ही लीला माझी आणि या ताईंची," आई म्हणाल्या. त्यांनी कोमट पाण्याचं भांडं किटलीवर रिकामं केलं. बर्फ सुटून पडला. तार आणि चिंध्या लोंबत राहिल्या. आईंनी दुसरं भांडं उचललं.

"प्रभूंना हात लावाल तर भस्म व्हाल," बाबा पुढे आले.

"होईन कदाचित. तुम्ही बाजूला व्हा, तुमच्या पायांवर उडेल."

पाणी पडलं. आधी हनुवटी गेली, मग चेहरा, मग अंगरखा. आत तेच जाळीचं कापड होतं. प्रभूंचे भरदार खांदे म्हणजे कपडे अडकवायचा तारेचा हँगर निघाला, आणि त्याचा आकडा खांबावरच्या खिळ्यात नीट अडकवलेला होता. जडीबुटीच्या खोक्यांबरोबर आत काय आलं, ते सगळ्यांना दिसलं.

बाबा दाराकडे सरकले. तिथे ताई उभ्या होत्या.

"माझ्या मटारांचं कवच कुठे फुटलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मनात शंका आली असणार."

"आली नव्हती," ताई म्हणाल्या. "तिथेच चुकले."

बाबा गेले. भक्त मात्र रेंगाळले. त्यांतले एक सद्गृहस्थ आईंवरच उखडले, "आमच्या श्रद्धेवर पाणी ओतलंत तुम्ही." बाबांना जाब विचारावा, असं त्यांना वाटलं नाही.

"पाणी हँगरवर ओतलं," आई म्हणाल्या. "त्याला श्रद्धा तुम्ही म्हणताय."

साडूने पडदा परत लावला, दाराचं फाटलेलं रबर बदललं, हीटर सुरू केला. मशीन पुन्हा मधूनमधून थांबायला लागलं आणि बिल उतरलं. कुणी ते बघायला रांग लावली नाही. ताईंचे दाराजवळचे मटार गुरांपुढे गेले, आतले वाचले. जमेल तेवढा नवा माल घालून, रीतसर विमा काढून तो कंटेनर उशिराने रवाना झाला. पहिली ऑर्डर निम्मीच राहिली, ते नुकसान कोणत्याही लीलेने भरून आलं नाही.

मला राग बाबांचा कमी आला. त्यांचा तो धंदाच होता. राग आला तो आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांचा, जे घरातल्या फ्रिजमधला बर्फ खरवडून फेकतात आणि तोच बर्फ खांबावर दिसला की नाक घासतात. चमत्कार समोर आला तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी त्याच हातांनी तो एकदा हलवून पाहा. खरा असेल तर तुमच्या तपासण्याने त्याचं काही बिघडणार नाही.