चौथ्या भागात आई जगते

नटी व्हर्लीन ब्रूसार्डला लॉस एंजेलिसमध्ये कुठेही ओळखत ते 'मरणारी आई' म्हणूनच. सिनेमाच्या पहिल्या भागात ती मेली, म्हणून मोठेपणी तिच्या पोराने काळात मागे जायचं यंत्र बांधलं. पुढच्या दोन भागांत तो तिला वाचवायला यायचा आणि दरवेळी उशिरा पोचायचा. व्हर्लीन आपली मरतच राहिली, जीव ओतून.

चौथ्या भागात मात्र पोरगा वेळेवर पोचणार होता. संहिता हाती आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात. वाचून झाली आणि ती तणतणत सेटवर आली. जगलेल्या आईला काम काय, तर गुडघे टेकून रडायचं!

दिग्दर्शक गॅरेट आधीच डोकं धरून बसला होता. आई जगली, तर पोरगा यंत्र बांधेल कशाला? वाचवणाराच आल्या पावली विरून जाणार. पण सिनेमावाल्यांची तऱ्हा उलटी, आधी कळस मग पाया. शेवटचा प्रसंग ते वाळवंटात कधीच उरकून आले होते, आणि त्यात पोरगा आणि यंत्र दोन्ही ठणठणीत उभी होती. तिथला सेटही मोडून झाला होता.

"ते यंत्र मी बांधते," व्हर्लीन म्हणाली.

"तुम्ही?" गॅरेटने विचारलं.

"मग कोण, शेजारीण? हा मला वाचवतो आणि डोळ्यांदेखत नाहीसा होतो. घरात झोपलेला सात वर्षांचा पोरगा माझा, तसा हाही माझाच ना? आईविना वाढला बिचारा. त्याला काय वाऱ्यावर सोडू? यंत्र बांधते आणि परत आणते त्याला."

"मॅडम, पण यंत्र लाइलचं आहे. त्याच्यावर तर तीन सिनेमे चालले."

सगळे लाइलकडे बघू लागले. पहिल्या भागात दात पडलेला तो पोरगा म्हणजे लाइल, आता कानांपाशी केस पिकले होते त्याचे, आणि पोस्टरवर सगळ्यांत मोठा तोच असायचा. तो नको म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता. मागायला उशीर तर केला नाही ना आपण, असं व्हर्लीनला वाटून गेलं.

"देऊन टाक रे तिला," लाइल गॅरेटला म्हणाला. "इतकं डोकं मला कुठून आलं, हे आजवर कुणी विचारलंच नाही. फक्त पोस्टरवर माझं नाक तेवढं शाबूत ठेवा."

दुपारी प्रसंग लागला. लाइलने तिला जळत्या गाडीतून ओढून काढलं, स्वयंपाकघरात आणून सोडलं आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर सरकला. पुढे तो विरल्याचं संगणकावर दाखवणार होते. व्हर्लीन रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिने मनगटाने डोळे पुसले, कपडे धुण्याचं मशीन भिंतीपासून खसकन ओढलं आणि खणातला पाना घेऊन त्याची पाठ उघडायला बसली. पहिला नट घट्ट होता. तिने दातओठ खाल्ले, तेव्हा कुठे तो सुटला.

गॅरेट कट म्हणायचंच विसरला. आपण काय करतोय हे व्हर्लीनला पक्कं ठाऊक होतं, आणि स्वतःचा असा अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता. तिने मान वर केली आणि पोरगा विरला होता त्या जागेकडे पाहिलं.

"थांब तिथेच," ती म्हणाली. "आलेच मी."